प्रोसेसर उतरेपर्यंत

आमच्या घरात लॅपटॉप नाही. लॅपटॉप कधी घ्यावा याचा सल्ला मात्र वर्षभर आमच्याच घरातून वाटला जात होता.

सल्ला देणारा मी. राहतो भद्रावतीला, आणि चंद्रपूरच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. व्यापाराचे पान माझ्याकडे असते. कोणती कंपनी कोणता नवा प्रोसेसर आणणार आणि तो आला की जुन्याचे भाव कसे कोसळणार, या बातम्या मीच कापूनछाटून लावतो. (छापलेल्या बातमीवर वाचकाने किती विश्वास ठेवावा, हा वेगळा विषय आहे. मी लावलेल्या बातमीवर मी पूर्ण विश्वास ठेवला.)

लॅपटॉप हवा होता आमच्या मुलीला, प्रज्ञाला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रोग्राम मोबाइलवर, अंगठ्याने लिहीत होती. माझी पत्नी संगीता शिक्षिका आहे. गरज आज आहे तर वस्तू आज घ्यावी, असे तिचे साधे मत होते. बाजार असा चालत नसतो, हे मी तिला वारंवार समजावले.

माझ्या बाजूने एकच माणूस उभा राहिला, तो तिचा धाकटा भाऊ प्रफुल. तो कोरपन्याला कापूस पिकवतो. त्यांच्याकडे वेचल्याबरोबर कापूस विकणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. तो घरात भरायचा आणि भाव चढेपर्यंत थांबायचे. प्रफुलची पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती, आणि घरची माणसे मागच्या खोलीत, साठवलेल्या कापसाने सुटलेल्या खाजेने अंग खाजवत दिवस काढत होती. भाचीला लॅपटॉप मामाच घेऊन देणार, असे त्याने जाहीर केले होते.

"भाऊजी, तुमचा प्रोसेसर उतरू द्या, माहा कापूस चढू द्या," तो म्हणाला. "दोन्ही एका जागी आले का गेलोच आपण दुकानात."

"अन् नाई आले तं?" संगीताने विचारले.

"येतेच नं ताई. जाते कुठी?"

अशा रीतीने आमच्या कुटुंबाने एकाच वेळी दोन बाजारांची वाट पाहायला सुरुवात केली. दिवाळीत लॅपटॉप स्वस्त झाले, तेव्हा मी नुसता हसलो. नवा प्रोसेसर यायचाच होता. ही तर सुरुवात होती. शेजारचे विलासभाऊ सल्ल्याला आले, त्यांनाही मी थांबायला सांगितले. ते घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन आले. मला त्यांची कीव आली.

मग नवा प्रोसेसर आला. जुन्याचे भाव जागचे हलले नाहीत. पाठोपाठ मेमरी चिप महागल्याची बातमी आली (तिला मथळा मीच दिला, आणि चांगला दिला), आणि नवे-जुने सगळे लॅपटॉप वर चढले. कापूस मात्र खाली आला. जे चढायचे ते उतरले, जे उतरायचे ते चढले! प्रफुलने फोनवर एवढेच विचारले, की भाऊजी, आपण एकमेकांचे भाव तर पाहून नाही ना राह्यलो?

अशातच प्रज्ञाला एका कंपनीची परीक्षा आली. पास झाली तर कॉलेज संपताच नोकरी. परीक्षा घरून, ऑनलाइन, कॅमेरा सुरू ठेवून द्यायची होती. मोबाइल चालणार नव्हता. आदल्या दिवशी मी चंद्रपूरला दुकानात गेलो, भाव ऐकला आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणालो. पुढच्या महिन्यात अजून वाढतील, असे दुकानदाराने सांगितले. त्याला बाजार कळत नाही, असे ठरवून मी रिकाम्या हाताने एसटीत बसलो.

घरी आलो तोवर संगीताने विलासभाऊंकडे शब्द टाकला होता. त्यांनी लॅपटॉप दिलाच, शिवाय शांतता असावी म्हणून आपली आतली खोलीही दिली.

सकाळी प्रज्ञाने आम्हाला बजावले, "खोलीत कोणी यायचं नाई. कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसलं का पेपर बंद."

मी ओसरीत खुर्ची टाकून पहारा देत बसलो. विलासभाऊ शेजारी बसून लॅपटॉपचे कौतुक सांगत होते. एकदाही अटकला नाही म्हणाले. मी सहज विचारले, त्यात प्रोसेसर कोणता आहे?

"मले काय मालूम? कीबोर्डच्या खाली चिठ्ठी चिपकून आहे पाहा, बारकी."

प्रोसेसर जुन्या पिढीचा निघाला, तर विलासभाऊ फसले होते आणि माझे थांबणे बरोबर ठरत होते. त्या वर्षात माझे काहीतरी बरोबर ठरणे फार गरजेचे होते. मी चपला काढल्या, दार आवाज न करता लोटले आणि प्रज्ञाचे लक्ष उडू नये म्हणून तिच्या मागून गेलो. कॅमेरा नेमके मागचेच पाहतो, हे तेव्हा सुचले नाही. तिच्या खांद्यावरून वाकलो. चिठ्ठी वाचता आली नाही. चष्मा खुर्चीवरच राहिला होता. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र एक चेहरा स्पष्ट दिसला. तो माझा होता. पुढच्या क्षणी सगळा पडदा लाल झाला: दुसरी व्यक्ती आढळल्याने परीक्षा समाप्त.

प्रज्ञाने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"पप्पा, तुम्ही काऊन आले?"

"प्रोसेसर पाहून राह्यलो होतो," मी म्हणालो.

कंपनीला आम्ही विनंतीचा मेल केला. नियम सर्वांना सारखे आहेत, असे नम्र उत्तर आले. बातमी कोरपन्याला पोहोचली, तेव्हा प्रफुलने कापूस मिळेल त्या भावाने काढला आणि पैसे घेऊन तो सरळ आमच्या घरी आला. आता भाव पाहायचा नाही, आजच दुकानात चला, म्हणाला. संगीता निघायला उठली. प्रज्ञा जागची हलली नाही.

"राहू द्या मामा," ती म्हणाली. "आता कायची घाई आहे? भाव उतरू द्या आरामानं."

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. पोरीला अखेर बाजार कळू लागला, या समाधानाने मी मात्र मान डोलावली!