भिंतीवरची निळी बादली

भरल्या घरात माणूस मरून पडलं तरी साडेअकरापर्यंत कुणाला पत्ता नसतो, हे मला परवा कळलं.

आमची कौसामावशी गेली.

वय एक्याऐंशी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. पडेगावात आमच्या घराला लागूनच तिचं घर. नवरा गेल्यावर पंधरा वर्षं एकटी राहिली आणि लई मजेत राहिली.

तिच्या पोराचं, अविनाशचं, स्टेटस तुम्ही पाहिलंच असेल. 'आईची अखेरपर्यंत सेवा करण्याचं भाग्य लाभलं.'

वा रे भाग्य!

आता माझं ऐका. मी शबाना, तिची शेजारीण.

मावशीची एक पद्धत होती. रोज सकाळी सात वाजता आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर ती एक निळी प्लास्टिकची बादली ठेवायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. बादली दिसली म्हणजे मावशी उठली, ठणठणीत आहे. संध्याकाळी ती बादली परत आत न्यायची.

हे तिनंच ठरवलं होतं.

"शबे, दवाखान्यात लई बघितलंय मी. एकट्या माणसाला मरायची भीती नाय, पडून राहायची भीती असते. बादली नाय दिसली तर भिंतीवरून उडी मारून ये. आधी वजन कमी कर मात्र."

बाकी तिचं तिला सगळं जमायचं. भाजी स्वतः आणायची. रविवारी विहारात जायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांचं बीपी तीच बघायची, वर मीठ कमी खा म्हणून झापायची.

पोराकडं एकच मागणं होतं, तेही दोन वर्षांपासून. "न्हाणीत धरायला एक दांडा लावून दे."

भिंतीला भोकं पाडायची, दांडा कसायचा. अर्ध्या तासाचं काम.

साहेब दर वेळी म्हणायचे, "बघू."

साहेब इंजिनिअर आहेत बरं का. चितेगावला कंपनीत मोठमोठ्या मशिनी बसवतात. आईच्या न्हाणीत दांडा बसवायला मात्र त्यांना टाइम नव्हता.

मागच्या वर्षी एका सकाळी सात वाजून दहा मिनिटं झाली आणि भिंत रिकामी.

मी तशीच भिंत चढले. मावशी न्हाणीत घसरलेली, पाय मुरगळलेला. शुद्धीवर होती, पोराच्या नावानं शिव्या चालू होत्या. मी तिला धरून खाटेवर आणलं, पाय बांधला, चहा दिला. विषय संपला होता.

मग मी गाढवपणा केला. अविनाशला फोन लावला.

वाटलं, आता तरी दांडा लावेल.

तो दुपारी गाडी घेऊन आला आणि आईलाच उचलून घेऊन गेला.

"आता एकटं राहणं सेफ नाही. लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं मला नको सांगू. दांडा लाव."

"आई, हट्ट करू नको."

जिनं आयुष्यभर अख्खा वॉर्ड सांभाळला, तिच्याशी हा बालवाडीतल्या पोरीशी बोलावं तसं बोलत होता.

गाडीत बसताना ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बादली तुझ्यासाठी ठेवत होते शबे. त्याच्यासाठी नाय."

 

शहरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट. तिथं नियमच नियम. गॅसला हात लावू नको, भाजशील. लिफ्टनं एकटी जाऊ नको, अडकशील. किल्ली तुला कशाला, आम्ही आहोत ना!

मी भेटायला गेले की मावशी सोफ्यावर टीव्हीपुढं बसवलेली. मनगटावर एक महागडं घड्याळ. ती पडली की पोराच्या मोबाईलवर अलार्म वाजतो म्हणे.

मी मुद्दाम बाथरूम बघून आले. दांडा नव्हता. टाइल्स इम्पोर्टेड आहेत, भोक पाडलं तर तडकतील!

बादली तिनं सोबत नेली होती. सुरुवातीला सकाळी सातला गॅलरीत ठेवायची. सून म्हणाली, "आई, छान नाही दिसत. सोसायटीतले विचारतात." बादली माळ्यावर गेली.

मावशीनं मला हसत हसत सांगितलं. "जाऊ दे गं. इथं कुणाला दाखवायची? सगळे घरातच हायेत."

व्हय मावशी, सगळे घरातच होते.

परवा सून रडत सांगत होती, "आम्हाला वाटलं झोपल्यात. डिस्टर्ब नको म्हणून दार उघडलं नाही." साडेअकराला कामवाली फरशी पुसायला आत गेली, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या.

घड्याळ वाजलं नाही. वाजणार कसं? ती पडलीच नव्हती, अंथरुणातच गेली.

पडेगावात एकटी असती तर सव्वासातला मी तिच्या उशाशी असते.

अविनाश, हे तू वाचशील. खुशाल वाच. मरण कुणाला चुकलं नाही, त्याचा दोष मी तुला देत नाही. पण तू तिची किल्ली काढून घेतलीस, चूल काढून घेतलीस, आणि त्याला सेवा म्हणतोस? थू! आणि तुला फोन लावणाऱ्या माझ्यावर आधी थू.

माझा पोरगा पुण्यात असतो. मीही आता एकटीच. "अम्मी, यहीं आ जाओ" म्हणून त्याचंही सुरू झालंय.

काल प्लंबर बोलावून मी माझ्या न्हाणीत दांडा लावून घेतला. मावशीच्या सुनेकडून ती निळी बादली मागून आणली. आज सकाळी सातला ती दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर ठेवली.

तिकडं सुरेखा राहते. तिला सांगून ठेवलंय, बादली दिसली नाही तर उडी मारून ये. आणि पोराला फोन लावायच्या आधी मला विचार.

मावशी, मी तुला विचारलं नव्हतं. माफ कर.

जयभीम.