टाकीचं झाकण

"काठी टाकीत घालायची नाही."

सोसायटीचा चेअरमन असं म्हणाला तेव्हा मी बदलापूरच्या सोनिवलीत त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर होते, टाकीच्या झाकणाला हात घालून वाकलेली. काठी म्हणजे माझ्या मशीनचा सेन्सर. हातात मावेल एवढं मशीन, त्याला वायर, वायरीच्या टोकाला काठी. ती पाण्यात बुडवली की पाणी कसं आहे ते जागेवरच कळतं. स्क्रीन हिरवी म्हणजे ठीक. लाल म्हणजे घाण. एका छोट्या कंपनीसाठी मी अंबरनाथ-बदलापुरात हेच काम करते.

गेटवर मी 'मॅडम' होते. "या मॅडम, लिफ्ट इकडे." लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मोरिवलीची, म्हटलं. खूश झाला. "अरे वा, आमचा कारखाना तिथेच! मोरिवलीत कुठे?" बुद्धविहाराच्या मागे, मी सांगितलं. मग तो लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिला. गच्चीवर पोचेपर्यंत मी 'तू' झाले होते.

"काठी न बुडवता कसं मापणार?" मी विचारलं.

"कुठे कुठे बुडवलेली असते ती. लोक पितात हे पाणी. वेगळं काढून देतो, त्यात बघ."

काठी मी त्याच्या डोळ्यांसमोर शुद्ध पाण्याने धुतली होती. प्रत्येक ठिकाणी धुते. त्याला काठीचं काहीच नव्हतं, ती धरणाऱ्या हाताचं होतं. त्यालाही ते माहीत होतं आणि मलाही.

पण वेगळं काढायचं कशाने? गच्चीवरची बालदी फरशी पुसायची, ती टाकीत कशी बुडवणार! म्हणून त्याने बायकोला फोन केला. ती आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात पाणी घेऊन आली. डबा माझ्या हातात दिला नाही. कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "झालं की टाकून दे. परत नको."

पाणी तिच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं होतं. मी तसं म्हटलं तर चेअरमन म्हणतो, "टाकीचंच आहे ना! फक्त फिल्टरमधून आलंय."

विटाळ टाळायच्या नादात या शहाण्याने टाकी सोडून फिल्टर तपासून घेतला. हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही. मी काठी डब्यात बुडवली. स्क्रीन हिरवी. त्याने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "पाणी एकदम शुद्ध."

चवदार तळ्याची गोष्ट ऐकत मोठी झालेली मी. ती जुनी गोष्ट आहे असं मला वाटायचं. आणि मी तो डबा उचलला, कचऱ्यात टाकला. तिने सांगितलं तसा.

तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्ट नको वाटली, जिना उतरत होते. पिऊ देत, मनात आलं. मरू देत सगळे. खोटं कशाला सांगू, अगदी हेच आलं. लहानपणी याच्यासारख्यांच्या कारखान्यांचं रंगीत पाणी नाल्यातून झिरपून आमच्या विहिरीत यायचं. आई ते फडक्याने गाळायची. तेव्हा विहीर बाटली असं कोणी म्हटलं नाही. आता यांनाही पिऊ दे.

खाली पार्किंगच्या नळावर वॉचमनची बायको हंडा भरत होती. त्याच टाकीचं पाणी. तिच्याकडे कुठला फिल्टर? मशीन बघून म्हणाली, "मॅडम, पानी ठीक है ना? बेटी का पेट ठीकच नहीं होता." आणि हंडा माझ्यापुढे सरकवला. "इसमें डालके देखो ना."

मी काठी बुडवली. तिने हंडा मागे ओढला नाही.

लाल. गटाराचं पाणी मिसळलं की येतात तसे आकडे.

"ये मत पिलाओ उसको," मी म्हटलं आणि परत जिना चढले.

चेअरमन अजून गच्चीवरच, फोनवर कुणाला तरी शुद्ध पाण्याचं सांगत होता. मी झाकण ओढलं. काठी सोडली. काठीबरोबर मनगटापर्यंत हातही घातला. मुद्दाम घातला.

"ए! हात काय घालतेस! अख्खी टाकी खाली करावी लागेल आता!"

"करावीच लागेल, साहेब. पण माझ्या हाताने घाण झालेली नाही ही." लाल स्क्रीन मी त्याच्या नाकासमोर धरली. "हा रिपोर्ट जाणार. डब्याचा नाही. आणि डबा का आणला होता, तेही मी खाली सगळ्यांना सांगणार."

सांगितलं. पार्किंगमध्ये उभी राहून, मोठ्या आवाजात. 'परत नको'सकट. काहींनी माना खाली घातल्या. एक काका म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम." मी जाऊ दिलं नाही.

चेअरमनने आमच्या ऑफिसला फोन केला, दुसरं कोणी पाठवा म्हणून. आमच्या साहेबांनी विचारलं, दुसरी साइट घेतेस का? मी म्हटलं, नाही. तिथे मीच जाणार. काढायचं तर मला नोकरीवरून काढा, मग डब्याची गोष्ट बदलापूरभर सांगते. साहेबांनी साइट माझ्याच नावावर ठेवली.

टाकी उपसून धुतली. टाकीला पाणी आणणारा, गटाराजवळचा फुटका पाइप बदलला. वॉचमनची पोरगी आता बरी आहे.

मी दर महिन्याला जाते. झाकण मी उघडत नाही. "उघडा," एवढंच म्हणते. चेअरमन वाकतो, ते जड झाकण उचलून धरतो. मी सावकाश काठी धुते. त्याचे हात भरून आले तरी घाई करत नाही. मग बुडवते. मी 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय त्या बिल्डिंगमध्ये आता कुणी पाणी पीत नाही, त्याची बायकोसुद्धा.

त्याने माफी मागितलेली नाही. मला ती नकोच आहे. मला तो वाकलेला हवाय.

आणि मोरिवलीत त्याचा कारखाना आहे. कारखान्यामागे गटाराचं एक चेंबर आहे, तिथून पाणी नाल्यात जातं, नाला आमच्या घरामागून. त्या चेंबरचं झाकणही मी एक दिवस त्यालाच उघडायला लावणार आहे.