परखी मारलेला बॉक्स

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या राइस मिलवर धानाची गाडी लागली की शेतकरी मालकाकडे पाहत नाही, आधी श्यामलाल रहांगडालेकडे पाहतो. श्यामलालच्या हातात परखी असते, म्हणजे टोकदार, पन्हळीसारखी पोकळ लोखंडी सळई. पोत्याच्या कुशीत ती खुपसायची, जरा फिरवायची आणि ओढायची. पन्हळीतून मूठभर धान तळहातावर येतं. त्यातला एक दाणा दाताखाली धरून तो निकाल सांगतो. ओला तर ओला, पोचट तर पोचट. गोड बोलणं या माणसाला कुणी शिकवलंच नाही, आणि बरंच झालं म्हणायचं!

परखीत आलेलं धान परखीवाल्याचं, असा कित्येक ठिकाणी रिवाज आहे. संध्याकाळपर्यंत चांगली पिशवी भरते. श्यामलाल मात्र काढलेले दाणे त्याच पोत्याच्या मालकाच्या हातावर ठेवतो आणि भोकाजवळचे तागाचे धागे अंगठ्यानं सारखे करून पुढं सरकतो. एका साली सख्ख्या मेहुण्याचं धान ओलं निघालं, तर सगळ्यांदेखत ओलं म्हणाला. मेहुणा त्या साली मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, जेवणाला आला नाही. बायको सुलोचनाबाई भावापायी कितीतरी दिवस फुगून बसली, पण ओल्याचं कोरडं काही झालं नाही.

अशा माणसाच्या पोरीला क्रिकेटचं वेड लागलं. दामिनी कॉलेजात शिकते, पोरांच्या ट्यूशन घेते आणि राहिलेल्या वेळात बॉल टाकते. तोही असा की समोरची पोरं हेल्मेट शोधतात. श्यामलालचं त्यावर एकच म्हणणं असायचं, की उन्हात पळून राहिली, त्यानं का होते? रविवारी गोंदियाला निवड चाचणी होती. ट्यूशनच्या पैशातून दामिनी बॉलिंगचे खिळ्यांचे बूट घेणार होती. तेवढ्यात स्टँडजवळच्या वीरेंद्रच्या मोबाइलच्या दुकानात तो बॉक्स दिसला आणि पोरीचं चित्त उडालं.

महिला क्रिकेटपटूंच्या कार्डांचा प्रीमियम बॉक्स होता तो. चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. नशीब असेल तर आत एखाद्या खेळाडूची खरीखुरी सही असलेलं कार्ड निघतं म्हणे. वीरेंद्रकडं शेवटचाच उरला होता. बूट घ्यावे तर बॉक्स नाही, बॉक्स घ्यावा तर जुन्याच बुटांवर चाचणीला जा. दोन दिवस घोळ घातल्यावर ती बापाकडं आली आणि म्हणाली, बाबूजी, अख्खा तालुका तुम्हाला माल दाखवतो, आता माझाही पाहा. श्यामलाल वरून ‘हूं’ एवढंच म्हणाला. पण आतून फार सुखावला. त्या खेळातलं काही पोरीनं त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरेंद्र बॉक्स घेऊन मिलवर आला. दामिनीही आली. वीरेंद्रनं बॉक्स पोत्यांच्या थप्पीवर ठेवला आणि बजावलं, “काकाजी, खोलना मत हां. सील तुटली का सारी किंमत गेली.”

श्यामलालनं बॉक्स हातात तोलला, हलवला, उलटसुलट पाहिला. आत नेमकं काय आहे, असं विचारलं. वीरेंद्र हसून म्हणाला, ते कुणालाच माहीत नसतं, त्यातच तर मजा आहे. श्यामलालला हे अजबच वाटलं. विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्यानं पाहायचं नाही, आणि म्हणे प्रीमियम! पण न खोलण्याचं त्याला पुरतं पटलं. चांगल्या मालाची शिवण कुणी उसवतं का? परखी असते कशासाठी मग?

आणि कुणी ‘अहो’ म्हणायच्या आत त्यानं बॉक्सच्या कुशीत परखी मारली, जरा फिरवली आणि ओढली.

पन्हळीतून चमकत्या कागदाची एक चकती आली. सवयीनं ती त्यानं दाताखाली धरली. वीरेंद्रनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“काऊन?” श्यामलाल म्हणाला. “मी खोललो का?”

दामिनीनं त्याला सगळं समजावलं, आणि भल्या माणसाचा चेहरा पार उतरला. वीरेंद्रही काही वाईट पोरगा नव्हता, निम्मेच द्या म्हणाला. श्यामलाल ऐकतो कसला! भोक माझ्या हातचं, तर बॉक्सही माझा, असं म्हणून त्यानं आपल्या खिशातून पूर्ण किंमत दिली आणि पोरीला सरळ बुटांच्या दुकानात पाठवलं.

संध्याकाळी अंगणात बॉक्स उघडला. सही कशावरच नव्हती, आणि बऱ्याच कार्डांना उंदरानं कुरतडावं तशी भोकं पडली होती. दामिनी एकेक कार्ड दाखवत ही कोण, ती कुठली, हे सांगत होती. एकीचं गाव गोरेगावाहून लहान निघालं.

“एवढ्याशा गावात हिले कोणं पाह्यलं असन?” श्यामलालनं विचारलं.

कुणीतरी मैदानावर गेलंच असेल ना बाबूजी, दामिनी सहज बोलून गेली.

श्यामलालनं त्या कार्डावरच्या भोकाच्या कडा अंगठ्यानं सारख्या केल्या. मग म्हणाला, “तुयी बॉलिंग मी एकदाबी पाह्यलो नाही, अन् त्यानं का होते म्हणून राहिलो. परखी न मारता पोतं हलकं सांगणाऱ्याले मी मिलवर उभा राहू देलो नसतो.”

रविवारी, ऐन हंगामात, त्यानं मिलला सुट्टी टाकली आणि मोटारसायकलवर पोरीला गोंदियाला नेलं. शेवटचा बॉल पडेपर्यंत मैदानाच्या कडेला उन्हात बसला, चहालाही उठला नाही. निवडीचं नंतर कळणार होतं. परतीच्या वाटेवर दामिनीनं भीत भीत विचारलं, कसं झालं बाबूजी?

“दोन बॉल पोचट होते,” श्यामलाल म्हणाला. “बाकी सारा दाणा भरलेला हाये.”

या माणसानं खोटी तारीफ आजवर कुणाची केली नाही, हे दामिनीला ठाऊक होतं. बापाच्या पाठीला डोकं टेकून ती गोरेगाव येईपर्यंत आनंदानं रडत होती.