पावलांच्या दाव्याची नोटीस

आयुष्यभर मी दुसऱ्यांना नोटिसा नेऊन दिल्या. मला स्वतःला पहिली नोटीस आली ती निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, ई-मेलवर, आणि तीही अमेरिकेतल्या कोर्टाची.

मी वडगावच्या कोर्टात बेलिफ होतो. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम ज्याचे त्याला पोचवायचे, दुसऱ्या प्रतीवर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि कसं पोचवलं त्याचा अहवाल लिहून द्यायचा, असं ते काम. आमचं घर लोणावळ्यात, वलवणच्या बाजूला. बायको इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायची, तीही आता घरीच असते. एकुलती एक मुलगी अमेरिकेत. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पाच महिने तिकडे राहून आलो होतो, आणि या नोटिशीचं मूळ त्या पाच महिन्यांत होतं.

तिकडे जावयांनी मला पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं होतं, मुलीच्या हातात होतं तसंच. नात रडायला लागली की तिला बाबागाडीत घालून मी बाहेर पडायचो, आणि परत आलो की आज किती पावलं झाली ते सगळ्यांना सांगायचो. घड्याळ चालू करताना जावयांनी त्यात माझा ई-मेल घातला होता. इकडे आल्यावर वर्षभरात ते बंद पडलं आणि मी ते विसरूनही गेलो.

नोटीस आली त्या सकाळी बायको पोहे करत होती. मी फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि तिला वाचायला दिला. तिने गॅस बारीक करून वाचलं. मजकुराचा सारांश असा होता: घड्याळाच्या कंपनीने लोक कुठे कुठे चालतात याची माहिती न विचारता साठवली आणि दुसऱ्यांना दिली, असं म्हणून काही ग्राहकांनी सगळ्यांच्या वतीने दावा लावला आहे. कंपनीला आरोप मान्य नाहीत, पण ती तडजोडीला तयार आहे. आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही या ‘क्लास’मध्ये मोडता.

“क्लास म्हणजे कसला?” मी विचारलं.

“वर्ग. पण शाळेतला नसावा,” ती म्हणाली, आणि फोन परत देताना म्हणाली की वीज तोडणार म्हणून खोटे मेसेज येतात त्यातलाच हा प्रकार आहे, काढून टाका.

मुलीला फोन केला तर तिनेही तेच सांगितलं. तिला असले मेल रोज येतात, ती उघडतसुद्धा नाही.

मी मात्र काढला नाही. एक तर त्यातला प्रकार मला ओळखीचा वाटत होता. आमच्याकडेही प्रातिनिधिक दावा असतो. वहिवाटीच्या रस्त्यासाठी गावातले चार जण सगळ्या गावाच्या वतीने दावा लावतात, तेव्हा बाकीच्यांना कळावं म्हणून जाहीर नोटीस द्यावी लागते. अशी एक नोटीस मी स्वतः चावडीच्या भिंतीला खळीने चिकटवली होती. म्हणजे तिकडच्या कोर्टाने माझ्या फोनवर नोटीस चिकटवली असेल, तर त्यात अशक्य काही नव्हतं. आणि दुसरं म्हणजे मला नुसतीच उत्सुकता लागली होती. मी कागद घेऊन दारात उभा राहिलो की समोरचा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा, त्या नजरेने आता मी कागदाकडे बघत होतो.

पोह्यांनंतर जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून सगळं छापून आणलं. सात पानं झाली. खाली एक लिंक होती आणि एक फोन नंबर होता: शंका असल्यास इथे विचारा. मी नंबर लावणारच होतो, तेवढ्यात मला आंदर मावळातल्या एका मावशींची आठवण झाली.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. टाकव्यापर्यंत एसटी होती, पुढे दोन तास पायी. दिरांनी जमिनीच्या वाटपाचा दावा लावला होता आणि मावशी त्यात प्रतिवादी होत्या. मी ओळखपत्र दाखवलं, समन्सवरचा गोल शिक्का दाखवला. मावशींनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पण कागदाला हात लावला नाही. त्याआधी कोणी एक माणूस असाच शिक्क्याचा कागद घेऊन आला होता, कसल्याशा योजनेसाठी वाडीतल्या सगळ्यांचे अंगठे घेऊन गेला होता आणि पुन्हा कोणाला दिसला नव्हता. मी म्हटलं, मावशी, मी कोर्टाचाच माणूस आहे, शंका असेल तर विचारा.

“तूच म्हननार मी कोर्टाचा. मंग तुलाच इचारून मला काय कळनार?” त्या म्हणाल्या. “पुढच्या बुधवारी ये.”

नियमाप्रमाणे मला तो कागद पंचांसमक्ष दाराला चिकटवून मोकळं होता आलं असतं. पण तारखेला वेळ होता, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. मी पुढच्या बुधवारी गेलो. त्यांनी अंगठा पुढे केला. मग सांगितलं, त्या मधल्या दिवसांत वडगावला जाऊन आल्या होत्या. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून फळ्यावरची खटल्यांची यादी वाचून घेतली होती. मी विचारलं, मग माझी चौकशी केली का?

“तुझं नाव न्हाई इचारलं. तू कोन का आसंना. आमची केस हाय का, येवढंच इचारलं. हाय म्हनले.”

मी नोटिशीवरचा नंबर लावला नाही. खाली लिंक होती तिलाही हात लावला नाही. नोटिशीत कोर्टाचं नाव आणि केस नंबर होता, तेवढंच वहीत उतरवून घेतलं. मग मुलीला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, ही नोटीस बाजूला ठेव, मला फक्त त्या कोर्टाची स्वतःची वेबसाइट शोधून दे. ती थोडी वैतागली होती, पण तिने शोधली. त्यावर कोर्टाच्या कचेरीचा फोन नंबर होता. नोटिशीत तो नंबर कुठेच नव्हता.

तिकडचं कोर्ट उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. बायकोने मला बोलायची वाक्यं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. पहिल्या दोन वेळा यंत्रच बोललं. तिसऱ्या वेळी एका बाईंनी उचललं. मी कागदावरचं वाचून दाखवलं. त्यांनी केस नंबर दोनदा विचारला, मग थांबा म्हणाल्या, आणि बराच वेळ मला फक्त बटणांचा आवाज ऐकू येत होता.

केस होती. तडजोडीला कोर्टाने प्राथमिक मंजुरी दिली होती आणि अंतिम सुनावणी अजून व्हायची होती, तिची तारीख मी वहीत लिहून घेतली. लोकांचे पैशांसाठीचे दावे गोळा करायला कोर्टाने एक खासगी कचेरी नेमली होती. तिच्या वेबसाइटचं नाव बाईंनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी ते वहीत उतरवलं. पुढे काय करायचं ते आम्ही सांगू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. आमच्या कोर्टात आम्हीही लोकांना हेच सांगायचो. मला राहवलं नाही, मी माझ्या इंग्रजीत त्यांना सांगितलं की मीही कोर्टातच होतो, नोटिसा पोचवायचो. त्यांनी विचारलं, गाडीने का? मी म्हटलं, पायी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तर मग तुम्हाला हे घड्याळ फार उशिरा मिळालं.

फोन ठेवून आम्ही दोघांनी वहीतली अक्षरं आणि छापील नोटिशीतल्या लिंकची अक्षरं बोट ठेवून जुळवली. सगळी जुळली. नोटीस खरी होती. मुलीने तिच्या फोनमधला कचऱ्याचा कप्पा तपासला तर तिलाही तीच नोटीस आलेली होती, न उघडलेली.

मग मी ती सात पानं शब्दकोश घेऊन चार दिवस वाचली. नोटिशीत लिहिलं होतं की तुम्ही आपल्या वाट्याच्या पैशांसाठी दावा भरू शकता, यातून बाहेर पडू शकता, तडजोड पटत नसेल तर न्यायाधीशांना पत्र लिहू शकता, आणि काहीच केलं नाही तर काय होईल तेही दिलं होतं. मला हे आवडलं. आम्ही पोचवत होतो त्या कागदांत ‘हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल होईल’ एवढंच असायचं. वहीत लिहून ठेवलेल्या पत्त्यावर जाऊन मी दावा भरला. त्यांच्याकडून एक क्रमांक आला, तोही वहीत लिहिला. पैसे किती मिळणार हे कळत नव्हतं, फार नसणार हे कळत होतं.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. सकाळी तळ्याकडे फिरायला जाणाऱ्या मंडळींना ही हकिकत मी दोनदा सांगितली होती.

तीन आठवड्यांनी दुसरा मेल आला. तसंच बोधचिन्ह, तसाच निळा रंग, घड्याळाच्या कंपनीचं नाव. अभिनंदन, तुमचा दावा मंजूर झाला आहे, रक्कम पाठवण्यासाठी खाली माहिती भरा. मी लिंक उघडली. नाव भरलं, पत्ता आणि फोन नंबर भरला, जन्मतारीख भरली. मग ओळख पटवण्यासाठी बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला होता. कार्ड कपाटात होतं. मी बायकोला हाक मारली की जरा कपाटातून कार्ड दे.

ती कार्ड न घेताच आली. कशाला हवंय म्हणून तिने विचारलं, मी फोन दाखवला. तिने तो खाली ठेवायला लावला आणि पहिल्या नोटिशीची सात पानं मागितली. तिने आयुष्यभर पेपर तपासले आहेत. दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून बघायची तिची जुनी सवय.

“हे अर्धं पान आहे आणि ते सात पानं,” ती म्हणाली. “त्यात तुम्हाला नाही म्हणायची सोय आहे, पत्र लिहायची सोय आहे. यात फक्त हो म्हणायचंय.”

मी म्हटलं, दावा मंजूर झाल्यावर कशाला लिहितील ते.

“मंजूर कुणी केला? सुनावणी झाली का?”

मी वही उघडली. अंतिम सुनावणीची तारीख माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. तिला अजून दोन महिने होते. एकतीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस मी, सुनावणीआधी निकाल लागला हे मी न अडखळता वाचून गेलो होतो. नंतर बघितलं तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं होतं, आणि माझा दावा क्रमांक त्यात कुठेच नव्हता. पण हे सगळं नंतर. आधी मी कार्ड मागितलं होतं.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. अशा खऱ्या खटल्यांच्या मागोमाग खोटे मेल सुटतात, कारण लोक आधीच पैशांची वाट बघत असतात, असं ती म्हणाली. तिने माझा ई-मेलचा पासवर्ड बदलून घेतला. बँकेत जाऊनही सांगून आलो. पुढे महिनाभर मला कुठून कुठून कर्ज देणाऱ्यांचे फोन येत राहिले. तळ्यावरच्या मंडळींना ही उरलेली हकिकतही सांगून टाकली. सांगताना कठीण गेलं, पण त्यांच्यातल्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी हळूच आपला फोन पुढे केला आणि विचारलं, हे जरा बघता का.

अंतिम सुनावणी पुढे ढकलली गेली, मग एकदाची झाली. तडजोड मंजूर झाली हे मी कोर्टाच्याच वेबसाइटवर वाचलं. रक्कम मी मुलीच्या खात्यावर मागवली होती, तिथे ती आली. तिने त्यात नातीला रंगपेटी घेतली आणि वर थोडे स्वतःचे घातले.

तडजोडीत आणखी एक अट होती, ती मी आधी नीट वाचली नव्हती. कंपनीने साठवलेली लोकांच्या चालण्याची माहिती पुसून टाकायची. ते वाचल्यावर मी त्या खासगी कचेरीला स्वतः एक मेल लिहिला. पुसण्याआधी माझ्या पाच महिन्यांचा नकाशा मला मिळेल का, असं विचारलं. बायकोने इंग्रजी दुरुस्त केलं, पण प्रश्न कशासाठी हे विचारलं नाही. आठवड्याने सभ्य उत्तर आलं: तडजोडीत तशी तरतूद नाही.

मग एका दुपारी मीच कागद घेऊन बसलो. मुलीचं घर मधे काढलं. तिथून डावीकडे शाळा, पुढे बदकांचं तळं, तळ्याला वळसा घालून जाणारा रस्ता, जिथे नात हमखास झोपायची. बायको चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. म्हणाली, शाळा उजवीकडे होती. मी म्हटलं, रोज मी जात होतो. ती म्हणाली, परत येताना डावीकडे दिसायची, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. मी खोडरबर घेऊन शाळा पुसली आणि उजव्या हाताला काढायला घेतली.