मोहाखाली आलेली हाक

माझा देवावर फारसा विश्वास नव्हता, आणि आईच्या वाघदेवावर तर अजिबातच नव्हता. शेंदूर फासलेल्या एका दगडापुढे ती मोहफुलांची पहिली ओंजळ ठेवायची आणि मगच टोपली भरायला घ्यायची. लहानपणी मी सोबत असले की फुलं वेचता वेचता ती सारखी ‘होऽऽ’ अशी हाक द्यायची आणि मी उलट ‘होऽऽ’ म्हटलं नाही तर रागवायची. आमच्याकडे जंगलात गेलेल्या सगळ्याच बायका अशा एकमेकींना आवाज देत राहतात. मला त्याचा भारी वैताग यायचा. पुढे शाळेतल्या नोकरीसाठी बल्लारपूरला आले, तर रोज संध्याकाळी तिचा फोन. “पोचली का वं घरी?” एवढंच विचारायची. बरेचदा मी तो उचलतच नसे. शाळेतून घरी येताना मला कोण वाघ खाणार होता?

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या एका बाईला वाघानं मारल्याचं कळलं आणि मी गडचिरोलीकडच्या आमच्या गावी धावत गेले. वडील गेल्यापासून आई एकटीच राहते. गेल्या गेल्या तिला बजावलं, “आता जंगल बंद. माझ्यासोबत चल.” ती भांडी घासत राहिली. तिचं गप्प बसणं म्हणजे नकार, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. सकाळी जाग आली तेव्हा अंथरूण रिकामं होतं आणि खुंटीवर टोपली नव्हती. फोन लावला, तर तो घरातच वाजला.

मी चपला अडकवून निघाले. आमचं मोहाचं झाड पायाखालच्या वाटेवरचं, पण त्या दिवशी वाट संपता संपेना. वाळल्या पानांवर माझ्याच पावलांचा आवाज व्हायचा आणि मी दचकून थांबायचे. हाक मारायचं धाडस होत नव्हतं. वाघाला ऐकू गेलं तर, या भीतीनं मी तोंड घट्ट मिटून चालत होते. झाडाखाली पोचले. अर्धी भरलेली टोपली कलंडून पडली होती. बाजूला आईची एकच चप्पल. आई कुठेच नव्हती.

शेजारी वाघदेव. त्याच्यापुढे आजची ओंजळ होती, फुलं अजून ओली होती. मी त्या दगडाला दोन्ही हातांनी धरलं. काय मागावं तेही सुचेना. रोज वाजणारा तो फोन तेवढा आठवत राहिला. इतक्यात दगडाच्या पलीकडून, दाट झाडीतून, एका बाईचा आवाज आला, “होऽऽ!” आवाज आईचा नव्हता. पण लहानपणची सवय आतून उसळली आणि मी जीव खाऊन ओरडले, “होऽऽ! माऽऽय!”

दुसऱ्या बाजूच्या नाल्यापलीकडून एकदम दहाबारा गळे उठले. टोपल्या बडवत, आरडाओरडा करत बायका खाली उतरत होत्या. सगळ्यांच्या पुढे माझी आई, एका पायानं अनवाणी. तिनं येऊन आधी माझ्या पाठीत धपाटा घातला.

“मुकी काऊन आली वं? आत्ताच इथी वाघ दिसला, मनून आमी साऱ्या तिकडं पळालो. आवाज नसता देला त आमाले काय समजलं असतं?”

आणि मला छातीशी धरून ती रडायला लागली. वाघ पाहिलेल्या जागी ती माझ्यासाठी परत आली होती, आणि मी दोघींच्या वाट्याचं रडत होते.

परतताना मी विचारलं, पहिली हाक कोणी दिली? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दगडाच्या त्या अंगाला त्यांच्यातली कोणीच नव्हती. आई म्हणाली, “ज्याले द्याची होती त्यानं देली.” ती कोण बाई होती, मला आजही माहीत नाही, आणि मी शोधतही नाही. गावी गेले की त्या दगडापुढे आता मीही ओंजळ ठेवते. आपल्या हातात फक्त ओ देणं असतं, एवढं मला कळलंय.

आई अजून जंगलात जातेच. मोहाच्या दिवसांत माझा जीव रोज टांगणीला लागतो. शाळेत पोचले की आधी तिला फोन लावते, “माय, आली का वं घरी?”

“आली ना वं,” ती वैतागते. “किती डाव इचारशीन?”