दुखण्याला लोक काय म्हणतात

शमीमआपा कुणालाही "काय होतंय?" असं विचारत नसत. समोरची बाई खुर्चीत टेकली की त्या फक्त "कवापासून?" म्हणत. आणि ती बाई, जणू अर्धी हकीकत आधीच सांगून झाली आहे अशा भरवशानं, उरलेली सांगू लागे. मी योगाची पदविका घेतली, तेल-मालिशचं रीतसर शिक्षण घेतलं, पुण्यातल्या एका मोठ्या केंद्रात चार वर्षं काढली. पण माणसाला बोलतं करायला एक शब्द पुरतो, हे मला लातूरला आल्यावर माझ्याच हाताखाली काम करणाऱ्या बाईकडून कळलं.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही लातूरला आलो आणि मी स्वतःचं केंद्र काढलं. फक्त बायकांसाठी योगाचे वर्ग आणि मालिश, पुरुषांसाठी सकाळी एक वर्ग. पाटीवर मी मोठ्या हौसेनं 'वेलनेस स्टुडिओ' असं लिहून घेतलं. पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त लोक आले ते पासपोर्टचे फोटो काढायला. एकजण तर केस विंचरून भिंतीशी उभाही राहिला होता.

गिऱ्हाइकं येईनात तेव्हा मी आणखी एक ऑनलाइन कोर्स केला. लोक नेटवर कोणते शब्द टाकून शोधतात ते आधी हुडकायचं आणि तेच शब्द आपल्या वेबसाइटवर पेरायचे, की गिऱ्हाईक आपोआप दारात. या शब्दांना कीवर्ड म्हणतात. मी पन्नासेक कीवर्ड काढले: होलिस्टिक, माइंडफुलनेस, डिटॉक्स, अंतर्मनाचा समतोल. यादी रंगीत छापून टेबलामागे चिकटवली. शब्द तपासायच्या ऑनलाइन साधनात प्रत्येक शब्दापुढे 'लातूर परिसरात स्पर्धा: नाही' असं आलं. मला इतका आनंद झाला की मी घरी पेढे नेले. शेजारच्याच रकान्यात 'शोधणारे: नाही' असंही लिहिलेलं होतं, ते आठवडाभरानं नवऱ्यानं दाखवलं.

याच सुमारास आपा आल्यागेल्याची नोंद ठेवायच्या कामाला आल्या. वय साठीच्या आतबाहेर, अंगावर फिकट सुती साडी, डोक्यावरून पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गंजगोलाईच्या बाजाराकडच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी जन्म काढला होता. पेशंटला नंबर द्यायचा आणि त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहायचं, हे त्यांचं काम. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. आपा थकल्या नव्हत्या.

मी त्यांना वेलनेस म्हणजे काय ते पाच मिनिटं समजावून सांगितलं. शरीर, मन, समतोल, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे ज्याचं काही दुखून न्हाई राहिलं, त्यानं यायचं?" त्या म्हणाल्या.

"तसंही म्हणता येईल."

"अशी माणसं लातुरात म्या तर न्हाई पाहिली," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून यायला लागल्या.

महिनाभर त्या माझ्या रंगीत यादीखाली बसल्या. एके दुपारी मी संगणकापुढे डोकं धरून बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्याडम, हे शब्द तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकले?"

मी खूप आठवून पाहिलं. कोर्स शिकवणारा सोडला तर एकाही माणसाचं तोंड आठवेना.

त्या दिवशी आपांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि पाठीमागे लिहायला बसल्या. अक्षर बारीक आणि सरळ. 'सकाळी उठल्यावर टाच टेकवत न्हाई.' 'मान आखडली, फिरत न्हाई.' 'हाताला मुंग्या, भांडं सुटतं.' 'झोप न्हाई, जीव घाबरा होतो.' 'बाळंतपणापासून कंबर धरली.' पान भरलं तेव्हा मी म्हणाले, "आपा, हे बोलायचं झालं. लिहिताना लोक असं लिहीत नाहीत."

"आता लिहितंय कोण? माझी भाची शोधायचं ते फोन तोंडाशी धरून बोलती. तुमच्या नेटच्या पानावर बी तेच बोलणं पायजे ना?"

मी अविश्वासानंच ते शब्द साधनात टाकले. ज्या रकान्यात महिनाभर काही दिसलं नव्हतं तिथं आकडे आले. लातूर, उदगीर, निलंगा, थेट देगलूरपर्यंत कुणीतरी बाई फोनला सांगत होती की टाच टेकवत नाही. आम्ही वेबसाइटवर प्रत्येक दुखण्यावर साधं एकेक पान लिहिलं: कोणते व्यायाम करायचे, कोणते टाळायचे, डॉक्टरकडे कधी जायचं. शेवटचा भाग आपांनी हट्टानं घालायला लावला. दोन महिन्यांत वर्ग भरले आणि दुपारी मालिशसाठी बायका थांबू लागल्या. मी मात्र ओळखीपाळखीत सांगत सुटले की मला कीवर्डची नस सापडली आहे.

यश डोक्यात गेलं की माणूस काय करतो ते मी पुढं करून दाखवलं. साधनात एक शब्द सगळ्यांच्या वर दिसत होता: 'शुगर कायमची बंद'. इतके लोक हे शोधतात आणि आपल्याकडे त्याचं पानच नाही, या विचारानं मला चैन पडेना. आपा चार दिवस भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. तेवढ्यात मी पान लिहून टाकलं, 'योगानं शुगरला कायमचा रामराम'. डॉक्टरकडे कधी जायचं, तो भाग त्यात नव्हता. त्यानं मजकुराची गंमत जात होती.

दोन-तीन आठवड्यांनी जवळच्या मुरुडहून एक निवृत्त मास्तर पत्नीबरोबर आले. माझ्या पानाची छापील प्रत त्यांच्या खिशात होती आणि त्यावर त्यांनी लाल पेननं रेघा ओढल्या होत्या. मी फुलून गेले. आपा त्यांच्या पायाकडं पाहत होत्या.

"लंगडता कवापासून?"

"नवीन चप्पल चावली. आठेक दिवस झाले."

"मोजा काढा."

मास्तरांनी नाइलाजानं मोजा काढला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. शुगरच्या गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या, असं आपांनी विचारल्यावर मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. "बाईंचं पान वाचलं तवापासून बंद केल्या."

आपा लगेच उठल्या. रिक्षा बोलावली, दोघांना घेऊन स्वतः दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी तिथंच बसून होते.

"ते तुम्ही लिवलं?"

"लोक तेच शोधतात, आपा," मी म्हणाले. एवढं एकच उत्तर मला येत होतं.

"लोक तर मेलेला माणूस उठवायचं औषध बी शोधतील, बेटा. हाय का तुमच्याकडं?"

त्यांनी मला बेटा म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते मायेनं नव्हतं. मी त्यांच्या देखत पान काढून टाकलं. मला वाटलं, झालं. पण दुसऱ्या दिवशी त्या चपला घालून दारात उभ्या. "चला. दवाखान्यात जायचं. पान तुमचं हाय."

वाटेत मी अनेक वाक्यं जुळवली. त्या सगळ्यांत 'गैरसमज' हा शब्द होता. पण आपा खाटेशेजारी उभ्या राहिल्या आणि मला त्यातलं एकही बोलता आलं नाही. "मास्तर, मी खोटं लिहिलं होतं," एवढंच मी म्हणाले. त्यांचं बोट काढावं लागलं होतं. पाय वाचला होता.

मास्तरांनी पांघरूण पायावर ओढून घेतलं. मग म्हणाले, "शंका मलाही आली होती. पण वाचायला लई बरं वाटलं."

त्यांची पत्नी माझ्याशी बोलली नाही. आपांनी तिला बाहेर नेऊन बसवलं आणि तासभर तिचं ऐकत राहिल्या. परत येताना रिक्षात म्हणाल्या, "तिला रोज चक्कर येती. घरात कोणाला मालूम न्हाई." माझ्या चुकीबद्दल त्या पुन्हा कधीही बोलल्या नाहीत. मीच अधूनमधून विषय काढायचे, आणि त्या "वर्गाची वेळ झाली" म्हणायच्या.

पुढं दीडेक वर्षानं त्यांच्या नांदेडच्या मुलीला जुळं झालं आणि आपा तिकडं राहायला गेल्या. जाण्याआधी पंधरा दिवस त्यांनी मला टेबलाशी आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः आतल्या खोलीत थांबल्या. मी मधेच सल्ला द्यायला लागले की आतून भांडं आपटल्याचा आवाज येई.

गेल्या वर्षी त्या वारल्या. हृदयाचं दुखणं होतं. मला दफनानंतर तिसऱ्या दिवशी कळलं. मी नांदेडला गेले. मुलीनं चहा दिला, जुळी पोरं माझ्या पर्सशी खेळत होती. शेवटचे आठ-दहा दिवस त्या दवाखान्यात होत्या, एवढं मुलीनं सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी जळकोटची एक बाई केंद्रात आली. आमच्याकडे एक छापील कागद असतो, त्यात 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' असा प्रश्न आहे. नेट, पाटी, जाहिरात, असे चौकोन. नेटवर खूण किती जणांनी केली ते मी दर महिन्याला मोजते, ही सवय अजून गेलेली नाही. बाई कागद धरून घुटमळली. तिचं उत्तर कुठल्याच चौकोनात बसत नव्हतं.

"नांदेडला दवाखान्यात होते मी," ती म्हणाली. "बाजूच्या खाटेवर एक म्हातारी बाई होती. तिला बोलताना दम लागायचा, पण माझं समदं ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, लातूरला जा, तिथल्या म्याडम आता ऐकून घेतात."

मी कागद तिच्या हातातून घेतला. चौकोनांखाली थोडी कोरी जागा होती, तिथं मी 'शमीमआपा' असं लिहिलं.

"नाव न्हाई विचारलं मी," ती म्हणाली. "बऱ्या झाल्या का हो त्या?"

मी पेन खाली ठेवलं आणि तिला खरं सांगितलं.