मिशीचा थर

माझ्या फोटोला हार घातला गेला, तेव्हा मी स्वयंपाकघरात काळे तीळ शोधत होतो.

तीळ अण्णांच्या वर्षश्राद्धासाठी हवे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्यांनी मैसुरात काढलं, आणि त्यातलं निम्मं कॅमेऱ्यामागे. आमच्या घरातल्या फोटोंत सगळे आहेत, अण्णा नाहीत. काहींत त्यांची सावली आहे. एकात अंगठा आहे (अंगठा उत्तम आलाय!). आधार कार्डावरचा फोटो आईला दाखवला, तर ती म्हणाली, "हा माणूस मला बघायला आला असता, तर मी नकारच कळवला असता."

उरला एकच फोटो. वरुणा गावी एका लग्नात काढलेला, तीस-चाळीस माणसांचा. अण्णा मागच्या रांगेत, चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. आई तो चष्मा लावून बघायची, मग चष्मा काढून बघायची. एकदा फोटो खाली ठेवून म्हणाली, "मधू, ह्यांचा चेहरा मला हल्ली सलग आठवत नाही रे. मिशी आठवते. बाकीचा शोधावा लागतो."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. दुःख झालं की लोक रडतात, मी पुस्तक शोधतो. या खेपेला पुस्तकाऐवजी टॅबवर व्यक्तिचित्र रंगवायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग सापडला. वर्षश्राद्धापर्यंत अण्णांचं चित्र करून आईसमोर ठेवायचं, असं मी ठरवलं. बायकोचा टॅब त्याच दिवशी माझा झाला.

शिकवणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं अगदी साधं होतं. डोळे किलकिले करा. नाक, डोळा, कान असं बघू नका. उजेडाचे आणि सावलीचे तुकडे बघा. ब्रश मोठा घ्या. फटके कमी मारा. आणि काही झालं तरी चित्र मोठं करून बारकावे कोरत बसू नका!

पहिली सूचना मी मनापासून पाळली. मी जेवताना, चालताना, वाचनालयात डोळे किलकिले करू लागलो. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स आणू?"

बाकीच्या सूचना मात्र माझ्या स्वभावात बसेनात. ज्याने आयुष्यभर पुस्तकांवर बारीक अक्षरात क्रमांक घातले, त्याने मोठा ब्रश कसा घ्यायचा? मी चित्र इतकं मोठं करायचो, की पडद्यावर फक्त अण्णांची एक नाकपुडी मावायची. त्या नाकपुडीत मी पूर्ण श्रावण काढला.

"अहो, हे काय काढताय?" शुभाने, म्हणजे बायकोने, खांद्यावरून डोकावून विचारलं.

"अण्णा."

"बरं. मला वाटलं, चामुंडीचा डोंगर."

दुसरी अडचण होती मूळ फोटोची. डाळीएवढ्या चेहऱ्यातून नाक-हनुवटी आणायची कुठून? मग मला सुचलं, की मी तर अण्णांची छापील प्रत! तेच नाक, तेच टक्कल. चष्म्याची फ्रेमसुद्धा त्यांचीच, मी नुसत्या काचा बदलून वापरतो. मी आरसा समोर ठेवला आणि स्वतःवरून अण्णा रंगवायला बसलो.

फरक एकच होता, मिशी. अण्णांचे उरलेसुरले केस पांढरे झाले तरी मिशी शेवटपर्यंत काळीभोर होती (दर रविवारी, कलप लावून, कुणाशीही न बोलता). माझी मिशी त्यांच्या दिवसांत उतरवली, ती मी पुन्हा वाढवलीच नव्हती. तेव्हा मिशी मनानेच रंगवली, आणि तीही वेगळ्या थरावर. टॅबवर असे एकावर एक पारदर्शक थर ठेवता येतात. वाटेल तेव्हा लपवा, वाटेल तेव्हा दाखवा. त्या थरात मी मिशीचा केस न् केस ओढला. तीन आठवडे लागले.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी मला वरच्या ओठावरची सावली पसरट वाटली. मी मिशीचा थर लपवला, सावली आवळली, समाधानाने मान हलवली आणि फाइल हूटगळ्ळीच्या फ्रेमवाल्याला पाठवून दिली.

मिशी परत दाखवायची राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रेम आली, खाकी कागदात गुंडाळून. "बघू तरी," शुभा म्हणाली. मी म्हटलं, "नाही, उद्या आईच्या हातूनच उघडायचं." (कलावंत माणूस!)

सकाळी नंजनगूडहून आत्या आल्या, अण्णांच्या थोरल्या बहीण. मैसूर मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार त्यांनीच आणला होता. आईने कागद सोडवून फ्रेम पाटावर ठेवली. आत्यांनी डोळे मिटून आधी नमस्कार केला, मग हार घातला, आणि मग चष्मा लावला.

"अय्यो! एनो इदु, हे काय?" आत्या ओरडल्या. "कमल, हा तर आपला मधू!"

मी तिळाची डबी घेऊन बाहेर आलो. पाटावर मी होतो, गळ्यात हार, चेहऱ्यावर गंभीर भाव, नाकपुडी अप्रतिम.

"वन्सं, ह्यांच्यासारखा नाही का थोडासा?" आई माझी बाजू घ्यायला बघत होती.

"सुम्ने उगाच काहीतरी बोलू नको! माझा भाऊ मला ठाऊक नाही? अण्णा असेल तर ह्याची मिशी कुणी उतरवली? स्वतःचंच सुतक पाळतोय की काय तो?"

गुरुजी दर्भ निवडत होते. त्यांनी एकदा पाटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "श्राद्ध कुणाचं आणि करणार कोण, एवढं नक्की करा. मला बारा वाजता दुसरीकडे जायचंय."

मी टॅब आणायला आतल्या खोलीत धावलो. नेमकी तेवढ्यात दूध घालणारी जयम्मा दारात आली. तिने बाहेरच्या चपला पाहिल्या, गुरुजी पाहिले, हार पाहिला.

"अय्यो देवरे! सार होगबिट्रा?" सर गेले म्हणून तिने गळाच काढला, आणि कुणी काही सांगायच्या आत ती गल्लीभर बातमी द्यायला धावली.

पाच मिनिटांत दार वाजलं. मीच उघडलं. समोरचे निवृत्त मास्तर आणि आणखी चौघं, पडलेल्या चेहऱ्यांनी उभे. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही आहात होय?" ते म्हणाले. हातातली फुलांची पुडी त्यांनी हळूच पाठीमागे नेली. मी उगाचच "सॉरी" म्हणालो.

फ्रेमवाला फोन उचलेना. टॅबवर मी मिशी दाखवत होतो, लपवत होतो, पुन्हा दाखवत होतो, पण पाटावरच्या चित्राला त्याचं काय? गुरुजी घड्याळ बघत होते. आणि आई त्या चित्राकडे पाहत बसली होती. वर्षभर तिने ज्या चेहऱ्याची वाट पाहिली, त्या जागी रोज सकाळी चहा मागणारा चेहरा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशी माझी सगळी तयारी झालेलीच होती.

"आई, चुकलं गं माझं," मी म्हणालो.

आई उठली. देवघरातून काजळाची डबी घेऊन आली. पाटासमोर बसली, चष्मा काढला, डोळे किलकिले केले (तिला कुणी शिकवलं?), बोट काजळात बुडवलं आणि फ्रेमच्या काचेवर दोन फटके ओढले. एक डावीकडे, एक उजवीकडे.

पाटावर अण्णा बसले होते. आता कलपाची वाटी मागतील, असे.

"बघ," आई म्हणाली. "एवढंच तर होतं."

आत्यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी डोळे उघडे ठेवून. गुरुजी घाईने म्हणाले, "झालं ना नक्की? बसा."

फ्रेमवाल्याने पुढे मिशीसकट नवीन चित्र छापून दिलं. माझ्या तीन आठवड्यांच्या, केस न् केस ओढलेल्या मिशीसकट. आईने ते नीट बघितलं, "छान आहे हो," म्हणाली आणि कपाटात ठेवून दिलं. भिंतीवर आहे ते काजळाचंच. फक्त शुभा दर शनिवारी ओल्या फडक्याने काच पुसते. मग आई डबी घेऊन येईपर्यंत आठवड्यातून दहा मिनिटं मी वारलेला असतो. त्या वेळात मला कुणी चहासुद्धा विचारत नाही.